फरक शून्य

"तुम्हीच लिहा ना मॅडम, मी सही करतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद मोजणीबाईकडे परत सरकवला.

"साहेब, शिफारसपत्र आहे ते. माझी शिफारस मीच कशी करू?"

"तुमच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?"

हे मात्र खरं होतं. अकरा वर्षं एका ऑफिसात काढूनही साहेबांना मोजणीबाई नेमकं काय करते ते ठाऊक नव्हतं. ती धक्क्याच्या टोकावरच्या खोलीत बसते, आणि वर्षातून एकदा रेनकोट मागते, एवढंच त्यांना माहीत.

ती समुद्र मोजायची. खोलीखाली पाण्यात एक आकडे रंगवलेली पट्टी उभी होती. दर दोन तासांनी पाणी कुठवर आलं ते बघायचं, रोजपत्रकावर लिहायचं, खाली आपली सही ठोकायची, शेजारी धक्क्यावरच्या पहारेकऱ्याची सही घ्यायची. संध्याकाळी ते रोजपत्रक ऑफिसात नेऊन द्यायचं. ऑफिसात त्याचं पुढे जे व्हायचं, ते आठवलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

झालं होतं असं. वरच्या ऑफिसातून दरवर्षी भरती-ओहोटीचं एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक यायचं. चंद्र-सूर्याचा हिशेब मांडून वर्षभराचं पाणी त्यात आधीच छापलेलं असायचं. आता समुद्र काही ते पुस्तक वाचत नाही. वारा सुटला की पाणी चढतं, पडला की उतरतं. म्हणून ऑफिसच्या मोठ्या रजिस्टरात तीन रकाने होते: पुस्तकातलं, प्रत्यक्ष, फरक. रकाने आखणारा माणूस शहाणा होता. पण त्याच्यानंतर आलेल्या कुठल्यातरी दीडशहाण्याने एक परिपत्रक काढलं: 'फरक आढळल्यास तीन प्रतींत खुलासा सादर करावा.'

संपलं. त्या दिवसापासून त्या धक्क्यावर फरक आढळला नाही.

याचं सगळं श्रेय जुळवेकाकांचं. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकात असेल तर असेल, बाकी सगळ्यांना ते जुळवेकाकाच. सव्वीस वर्षं ते एका टेबलाशी बसून प्रत्यक्षाचा आकडा पुस्तकाशी जुळवत होते. मोजणीबाईने दोनशे चौदा लिहावं, पुस्तकात दोनशे सहा असावं. काका चष्मा कपाळावर सरकवणार, "पाण्याचं काय, हलतंच ते," असं पुटपुटणार आणि रजिस्टरात दोनशे सहा चढवणार. फरक शून्य. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. कुणाच्या वाटेला खुलासा येऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. हजेरीचंही तेच. कुणी अकराला उगवो, कुणी बाराला, काका प्रत्येकापुढे मायेने 'दहा' लिहायचे.

भांडून भांडून मोजणीबाईचा घसा बसला होता. "काका, मी पाणी मोजते, तुम्ही पुस्तक उतरवता! मग मला कशाला बसवलंय तिथे? पुस्तकच टांगा की पट्टीवर!"

"चिडू नका हो बाई. पुस्तक शिकलेल्या लोकांनी छापलंय."

"आणि मी काय अंगठा लावते?"

ती अंगठा लावत नव्हती. समुद्रविज्ञानात एम. एस्सी. होती, पहिल्या वर्गात. गेली दोन वर्षं घरी बसून तिने स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवलेल्या अकरा वर्षांच्या खऱ्या आकड्यांचा आलेख काढला होता. त्यात पाणी पाच सेंटिमीटर वर सरकलेलं स्पष्ट दिसत होतं. आता समुद्र वर येतोय की धक्का खाली बसतोय, हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता. या प्रश्नावर पीएच. डी. करायची, असं तिने ठरवलं. समुद्रविज्ञानाच्या विद्यापीठात नोकरदारांसाठी एकच जागा होती आणि वयाची अट होती छत्तीस. मोजणीबाई पस्तीस पूर्ण करून बसली होती. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही. यंदा हुकलं की पुढची बावीस वर्षं तिने समुद्र मोजायचा आणि काकांनी पुस्तक उतरवायचं.

अर्जाला तीन गोष्टी हव्या होत्या. आलेखासकट संशोधनाचा आराखडा तिने स्वतः करून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवला. राहिलं शिफारसपत्र, आणि राहिली अकरा वर्षांच्या आकड्यांची सहीशिक्क्याची प्रत. या दोन्ही ऑफिसने परस्पर विद्यापीठाकडे पाठवायच्या, उमेदवाराच्या हाती द्यायच्या नाहीत, असा नियम होता. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, उमेदवार लबाडी करेल. ऑफिस करेल, हे बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार.

शिफारसपत्र तिने लिहिलं. दात-ओठ खात लिहिलं. 'या कर्मचारी प्रत्यक्ष पाणी आणि अपेक्षित पाणी यांतला फरक अत्यंत प्रामाणिकपणे नोंदवतात.' साहेबांनी वाचलं आणि लाल पेन काढलं.

"'फरक' शब्द नको. बाहेर जाणारं पत्र आहे."

"साहेब, सगळं संशोधन फरकावरच आहे!"

"असू दे. पत्रात नको." त्यांनी ओळ खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'सदर कर्मचारी आज्ञाधारक असून त्यांच्या कारकिर्दीत समुद्राबाबत एकही तक्रार आलेली नाही.'

"हे काय आहे?" मोजणीबाईचा आवाज चढला.

"शिफारस आहे. 'आज्ञाधारक' मी ऊठसूट कुणालाही लिहीत नाही, मॅडम."

पुढच्या शुक्रवारी पाचला मुदत संपत होती. तिने गिळलं. आकड्यांचा जाड गठ्ठा स्वच्छ अक्षरात लिहून तिने शिक्क्यासाठी जुळवेकाकांपुढे ठेवला. "काका, एकही आकडा हलवायचा नाही. फक्त शिक्का."

"अहो बाई, मी काय परका आहे? तुमचं भलं व्हावं असंच वाटतं मला."

तिथेच तिला शंका यायला हवी होती. पण हातात आठच दिवस उरले होते. त्या शुक्रवारी पाचला सात मिनिटं कमी असताना काकांनी सगळं पाठवून दिलं, आणि तिला बघून असे हसले, जशी लेकच सासरी पाठवली.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत संगणकावरून होणार होती, मंगळवारी अकरा वाजता. घरच्या नेटचा भरवसा नव्हता, म्हणून तिने ऑफिसचा संगणक मागितला. साहेबांनी परवानगी दिली, पण ऑफिसचा संगणक अधिकाऱ्याच्या देखतच वापरायचा, हा नियम काढून ते स्वतः खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. मागे जुळवेकाका उभे राहिले. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

पडद्यावर एक प्राध्यापिका होत्या, पांढरे केस बारीक कापलेल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन प्राध्यापक. पहिली दहा मिनिटं छान गेली. मोजणीबाई बोलत होती, प्राध्यापिका मान डोलवत होत्या. मग त्यांनी एक गठ्ठा समोर ओढला.

"मला एक कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या आलेखात पाणी पाच सेंटिमीटर वर गेलंय. आणि तुमच्याच ऑफिसने शिक्का मारून पाठवलेल्या या आकड्यांत अकरा वर्षांत फरक आहे शून्य. रोज शून्य. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

मोजणीबाईच्या कानांत गरम वारा भरला. तिने हळूहळू मान मागे वळवली.

जुळवेकाका कुजबुजले, "रजिस्टरशी जुळत नव्हतं हो बाई. न जुळणाऱ्या कागदावर शिक्का मारता येत नाही. नवीन टाइप करून घेतलं सगळं. रविवारीसुद्धा आलो होतो."

"माझा गठ्ठा कुठाय?"

"पाठकोरा होता म्हणून वह्या शिवल्या."

"तुमच्या..." ती म्हणाली आणि पडद्याकडे बघून तिने पुढचा शब्द दाताखाली चिरडला.

"म्हणजे दोघांपैकी एक जण आकडे बनवतोय," प्राध्यापिका म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "आणि शिक्का तुमच्या आलेखावर नाही, या आकड्यांवर आहे."

साहेबांना वाटलं, ऑफिसचं कौतुक चाललंय. ते खुर्चीसकट कॅमेऱ्यात घुसले. "नमस्कार! मी यांचा वरिष्ठ. आमचं काम चोखच असतं मॅडम. अकरा वर्षांत एक खुलासा द्यावा लागलेला नाही."

"तीन वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं होतं," प्राध्यापिका म्हणाल्या. "आमच्या सगळ्या यंत्रांवर पाणी चढलेलं दिसलं. तुमच्याकडे?"

"वादळ? आठवतं की! अहो, पाणी या खोलीत शिरलं होतं. माझी फिरती खुर्ची तरंगत दारातून बाहेर गेली, डोळ्यांदेखत! वाहून गेली म्हणून मी दाखला लिहून दिला, माझ्या सहीचा, तेव्हा कुठे ही नवी मिळाली."

"त्या दिवसाचा फरक इथे शून्य लिहिलाय."

साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, जशी हीसुद्धा निघाली.

"समुद्र जागचा हलला नाही आणि खुर्ची वाहून गेली," प्राध्यापिका म्हणाल्या. उजवीकडचे प्राध्यापक खोकल्यासारखे हसले. "उमेदवाराला काही म्हणायचंय?"

अकरा वर्षांचं साचलेलं होतं, ते एका दमात बाहेर आलं. "हो, म्हणायचंय! मी खरं मोजलंय. उन्हात मोजलंय, तापात मोजलंय, त्या वादळात कमरेला दोर बांधून मोजलंय. आणि हे इथे सावलीत बसून समुद्राला सरळ करतात! एका खुलाशाच्या भीतीने! माझा नंबर लागला नाही तरी चालेल, पण खोटी मी नाही. खोटं ते रजिस्टर आहे!"

"मॅडम, शिस्त..." साहेब म्हणाले.

"खुर्ची सांभाळा तुम्ही!"

प्राध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. "राग मला समजतो. पण रागावर शिक्का मारता येत नाही. मूळ कागद आहेत का? दोन सह्यांचे, त्याच दिवशी लिहिलेले?"

"रद्दीत जातात ते," काका मागून हळूच म्हणाले. "वर्ष संपलं की."

तेव्हा मोजणीबाईला घर आठवलं. काकांचं जुळवून झालं की रोजपत्रकांची रद्दी दरवर्षी ती स्वतःच घरी न्यायची, कारण आईला फळ्यांवर अंथरायला जाड कागद लागायचा. अकरा वर्षांचा समुद्र तिच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली पडला होता. जे उरले, ते गठ्ठे बांधून माळ्यावर.

तिने फोन लावला, चेहरा दिसेल असा, आणि तो संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"आई, मिठाची बरणी उचल."

"आत्ता? झाली का तुझी मुलाखत?"

"चालू आहे. मिठाची बरणी उचल आणि खालचा कागद दाखव."

"कालच सगळ्या फळ्या घासल्यात मी! दुपारी आलीस की उचल तूच."

"आई, त्या कागदावर माझं सगळं अडकलंय!"

"तुझ्या त्या मेल्या ऑफिसने काही घोळ घातला ना? घातलाच असणार. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, तो काका गोड बोलतो म्हणजे..."

काका भिंतीकडे बघायला लागले.

पडद्यावर आधी आईचं कपाळ आलं, मग छताचा पंखा, मग एक बरणी आडवी झाल्याचा आवाज. शेवटी डागाळलेला, कडा कुरतडलेला एक कागद फोनसमोर आला, उलटा.

"सरळ धर."

"सरळच आहे. तुझंच डोकं उलटं असेल."

"खाली वाचता का जरा?" प्राध्यापिका म्हणाल्या.

"कोण बाई ही?"

"आई, त्या प्राध्यापिका आहेत!"

"असू दे. चष्मा लावू दे मला." आईने चष्मा लावला. त्या वादळाचीच तारीख होती. "सकाळी आठ, तीनशे दोन. दहा, तीनशे एकतीस. बारा, तीनशे अठ्ठावन्न, आणि पुढे हिने लिहिलंय, 'पट्टी बुडाली, दारावरच्या खुणेवरून मोजलं.' खाली हिची सही आहे. बाजूला दुसरी, पहारेकऱ्याची. मिठाने जरा पुसलीय, पण आहे."

"पुस्तकात बाराला किती होतं?" प्राध्यापिकांनी विचारलं.

जुळवेकाकांच्या तोंडून आपोआप आलं, "दोनशे एकोणीस." सव्वीस वर्षांत पुस्तक त्यांना पाठ झालं होतं.

"म्हणजे एकशे एकोणचाळीस सेंटिमीटरचा फरक," प्राध्यापिका म्हणाल्या, "आणि तुम्ही तिथे शून्य लिहिलंत."

"एवढ्या मोठ्या फरकाचा खुलासा कोण लिहिणार हो मॅडम?" काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांना खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं, आणि मोजणीबाईला याचाच जास्त संताप आला. लबाड माणसावर निदान ओरडता येतं.

"असे आणखी किती कागद आहेत, आई?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"मोजलेत कुणी? साखरेखाली आहेत, चहाखाली आहेत, कपाटात आहेत, माळ्यावर गठ्ठे आहेत. आणि हे बघा, माझे डबे खाली मांडलेत आता, ते परत वर कोण लावणार? हिला तुम्ही घेणार असाल तर मी लावते. नसाल तर येऊन लावून जा."

डावीकडचे प्राध्यापक, जे इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते, म्हणाले, "मला वाटतं, डबे लावावेत."

पंधरा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. मोजणीबाईने उभ्याउभ्या वाचलं. पहिली ओळ वाचून ती हसली. अकरा वर्षांची ती खोली, ते टेबल, तो लाल पेनवाला साहेब, सगळं एकदाचं सुटणार होतं. मग तिने खालची ओळ वाचली आणि कागद टेबलावर आपटला.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

"विषय वाढवलाय. समुद्र किती चढला ते शोधायचंच, पण त्याआधी रजिस्टरात नेमकं किती आणि कसं फिरवलं गेलं, तेही शोधायचं. आणि त्यासाठी पहिली तीन वर्षं कुठे बसायचं, माहितीये?"

"कुठे?"

"तिथेच! त्याच ऑफिसात! जुळवेकाकांच्या समोरच्या टेबलाला!"

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मोजणीबाईने पत्र उचलून मिठाच्या बरणीखाली सरकवलं.

पण तिला जावं लागलं, आणि ती गेली. या वेळी वरच्या ऑफिसातून साहेबांना पत्र आलं होतं: संशोधक बाईंना टेबल, कपाट आणि मागतील ती सगळी रजिस्टरं द्यावीत. साहेब दारात उभे राहून "या, मॅडम, या," म्हणाले. फिरती खुर्ची त्यांनी स्वतःच तिच्याकडे ढकलली. तिच्याकडे बघताना त्यांना ती खुर्ची तरंगताना दिसत असावी.

पहिल्या दिवशी ती आधी धक्क्यावर गेली, नव्या माणसाला पट्टी कशी वाचायची ते दाखवून आली, आणि पाहुण्यांच्या वहीत येण्याची वेळ लिहिली: अकरा चाळीस. दिवसभर तिने काकांच्या अक्षरातली जुनी पानं चाळली. पान उलटलं की दात आवळायचे, आणि पुढचं पान. संध्याकाळी निघताना सही करायला तिने वही उघडली. तिच्या नावापुढे 'अकरा चाळीस' सुबकपणे खोडलं होतं. वर लिहिलं होतं: 'दहा.'

ती परत टेबलाशी बसली, संशोधनाची कोरी वही काढली, तीन रकाने आखले आणि पहिली नोंद केली. रजिस्टरात: दहा. प्रत्यक्ष: अकरा चाळीस. फरक: एक तास चाळीस मिनिटं.

जुळवेकाका छत्री घेऊन निघाले होते. जाता जाता त्यांनी सवयीने तिच्या वहीत डोकावलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो बाई, फरक लिहिलात? याचा खुलासा द्यावा लागेल हो तुम्हाला."

"तोच द्यायला आलेय, काका," पेनाला टोपण लावत मोजणीबाई म्हणाली. "तीन प्रतींत."